एका टायरची पत्रिका

मी टायर बोलतोय. पांढऱ्या गाडीचा, पुढच्या डाव्या चाकाचा. सध्या नागापूर एमआयडीसीत मनमाड रस्त्याच्या कडेला, गोरक्षच्या दुकानासमोर खांबाला टांगलेला असतो. माझ्या अंगावर पांढऱ्या रंगानं 'पंक्चर' असं लिहिलंय. ज्याला उभ्या जन्मात तीनदाच पंक्चर झालं, त्याच्या अंगावर हे लिहावं? पण मेल्यावर कोण कुणाची तक्रार ऐकतो! हो, मी रीतसर मेलेला आहे. माझ्या मृत्यूची वेळ डायरीत नोंदलेली आहे आणि माझा दहावाही झालाय. दहावा झालेला दुसरा टायर तुम्हाला जिल्ह्यात सापडला तर मला येऊन सांगा.

माझा जन्म दूर दक्षिणेतल्या एका कारखान्यातला. साच्यातून गरमागरम बाहेर आलो तेव्हा अंगावर केसांसारखे रबराचे तंतू होते आणि बगलेत चार आकडे कोरलेले होते, तीन तीन एक सात. आम्ही पाच भावंडं एकाच गाडीच्या वाट्याला आलो. चौघं चाकांवर चढलो, पाचवा डिकीत गेला. स्टेपनी. तो तिथे गालिच्याखाली आडवा पडून आम्हाला खालच्या जातीचे कामगार समजायचा.

पाडव्याला शामकांतरावांनी गाडी घरी आणली. शामकांतराव म्हणजे सावेडीत राहणारे, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. घराण्यात पूर्वी भिक्षुकी होती. ती सुटली, पण पंचांग काही सुटलं नाही. त्यांच्या पत्नी अंबिकाबाईंनी मला कुंकू लावलं आणि माझ्यासमोर लिंबू ठेवलं. आयुष्यातलं माझं पहिलं काम म्हणजे ते लिंबू चिरडणं. आजही आठवलं की दात आंबतात, दात नसताना.

पुढची सात-आठ वर्षं बरी गेली. भाजी, बँक, लग्नं. दर दसऱ्याला झेंडूची माळ. शामकांतराव गाडी इतकी जपून चालवत की मागच्या एसटीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवून वाजवून थकायचा. पण त्यांना हवा तपासायची सवय नव्हती. बुटाच्या टोकानं मला एक हलकी लाथ मारायची आणि "ठणठणीत आहे" म्हणायचं, ही त्यांची तपासणी. माणूस आजारी पडल्यावर डॉक्टरनं त्याला लाथ मारून "ठणठणीत आहे" म्हटलं तर चालेल का हो?

मग देवश्रीला नोकरी लागली. देवश्री त्यांची एकुलती एक मुलगी, वय सव्वीस. अकोले तालुक्यात राजूरच्या कॉलेजात शिकवायचं. तिथे खोली घ्यायची, सोमवारी गाडी घेऊन जायचं, शनिवारी परत यायचं. राहुरी, लोणी, संगमनेर, अकोले आणि पुढे डोंगर. बातमी ऐकून घरात पेढे वाटले गेले आणि शामकांतरावांची झोप उडाली.

"अहो, पोरगी आनंदात आहे. तुम्ही तोंड का पाडलंत?" अंबिकाबाईंनी विचारलं.

"तुला नाही कळायचं. घाट आहे, पाऊस आहे, उसाच्या ट्रॉल्या आहेत. एकटी जाणार ती. मला भीती वाटते गं," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हा शब्द वापरला असावा. मी दारात उभ्या उभ्या ऐकलं.

मलाही भीती वाटत होती, आणि माझी जास्त खरी होती. कारण माझ्या आतल्या बाजूला, गाडीकडे तोंड असलेल्या कुशीला, एक चीर पडली होती. बाहेरून काही दिसत नव्हतं. चार माणसं बसली की ती चीर थोडी उघडायची.

दुसऱ्या दिवशी शामकांतराव गाडी घेऊन गोरक्षकडे आले. गोरक्ष मूळचा पाथर्डीचा. त्याचं लहानपण आई-बापाबरोबर ऊसतोडीच्या फडावर गेलेलं. त्यानं खाली वाकून माझ्या खाचांतून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"साहेब, ह्या खाचात बारीक उंचवटे दिसत्यात का? टायर झिजून त्येंच्या बरोबरीला आला म्हंजी संपला. हे तर पार सपाट झालंय. आन् वय बी झालंय. हे बगा चार आकडे. तेहेतिसावा आठवडा, सतरा साल. ही टायरची जन्मतारीख हाय."

झालं! गोरक्षनं बिचाऱ्यानं म्हातारपण दाखवायला आकडे दाखवले, आणि शामकांतरावांचे डोळे चमकले.

"जन्मतारीख? टायरला असते?"

"समद्यांना असती."

"वेळ?"

"वेळ कशाला लिवत्यात साहेब?"

शामकांतराव माझ्यासमोर चवड्यांवर बसले आणि आकडे खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. गोरक्ष सांगत होता की महागडे नकोत, रुंद फॅशनचे तर मुळीच नकोत. गाडीच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेल्या मापाचेच घ्या, कंपनी ओळखीची घ्या, तारीख ताजी बघा, रोजच्या वापराला तेवढं पुष्कळ झालं. इतका शहाणा सल्ला मी कुठल्या दुकानात ऐकला नाही. त्यातलं 'तारीख' एवढंच शामकांतरावांच्या कानात शिरलं.

घरी येऊन त्यांनी माझी पत्रिका मांडली. आठवड्यातला वार कुठला धरायचा? मधला, म्हणून गुरुवार. वेळ? कारखान्याची पहिली पाळी, सकाळी सहा. तास-दीड तास गणित केल्यावर त्यांनी आतून हाक मारली, "अंबिका, सिंह लग्न आहे! आणि आयुष्याचं स्थान काय बळकट आहे! हा टायर ऐंशी वर्षं जगतो."

"तुमच्यापेक्षा जास्त?"

"थट्टा करू नकोस. गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या तारखेशी छत्तीसपैकी एकतीस गुण जुळतात. आपल्या लग्नात एकोणीसच जुळले होते."

"ते दिसतंच आहे," अंबिकाबाई म्हणाल्या.

तरी माणूस न्यायी. नव्या टायरांनाही त्यांनी संधी दिली. चार दिवस हातात बॅटरी घेऊन नगरमधली दुकानं पालथी घातली. दुकानदार माप विचारायचे, हे जन्मतारखा विचारायचे. एक टायर पितृपक्षातला निघाला. एकाला कडक मंगळ. एक सगळ्या बाजूंनी उत्तम होता, पण गाडीशी एकनाड आली. एका दुकानदारानं वैतागून विचारलं, "काका, टायर बसवायचाय का पोरगी द्यायचीय?" शामकांतराव गंभीरपणे म्हणाले, "पोरगीच सोपवायची आहे त्याच्यावर."

निर्णय झाला. जुनेच टायर राहणार. देवश्रीनं डोक्याला हात लावला. "बाबा, रबर आहे ते. त्याला ग्रह नसतात."

"जन्म आहे म्हणजे ग्रह आहेत. तुझ्या बाबतीत मी धोका पत्करणार नाही," ते म्हणाले. आणि खोटं बोलत नव्हते हो. कंजूष असते तर मला राग तरी आला असता. मायेपोटी चुकणाऱ्या माणसावर रागवायचं तरी कसं?

खरं सांगतो, मी सुखावलोही होतो. सिंह लग्न, एकतीस गुण! स्टेपनीनं आतून विचारलं, "माझीही तीच पत्रिका ना रे?" मी म्हटलं, "तुझी कशी असेल? तू काम काय केलंस?" दोन दिवस मी त्याच तोऱ्यात होतो. रविवारी देवश्रीनं सामान भरलं. तांदळाचं पोतं, पुस्तकांच्या पेट्या, शेगडी. माझी चीर उघडली आणि आतल्या तारा मला टोचल्या. तेव्हा तोरा उतरला. ही पोर पाळण्यात असल्यापासून नाही, पण पहिल्यांदा स्टीअरिंग धरल्यापासून माझ्या ओळखीची. अकोल्याच्या पुढे उतारावर मी फुटलो तर माझ्या सिंह लग्नाचं लोणचं घालायचंय का?

निघायचा मुहूर्त सोमवारी नऊ बाराचा, राहुकाळ संपल्यावर. अंबिकाबाईंनी देवश्रीच्या हातावर दहीसाखर ठेवली. शामकांतराव घड्याळ बघत फाटकात उभे. नऊ अकराला मी त्या चिरेतून श्वास सोडला आणि बसलो.

"अगंबाई!" अंबिकाबाई ओरडल्या.

गोरक्षला फोन गेला. तो मोटरसायकलवर पंप बांधून आला, हवा भरली, पंक्चर शोधलं. सापडेना. पुढचा मुहूर्त दहा अठ्ठेचाळीसचा. दहा सत्तेचाळीसला मी पुन्हा बसलो. दहीसाखर दुसऱ्यांदा खाऊन देवश्री कंटाळली होती.

"हा मुहूर्त बघून बसतोय!" शामकांतराव म्हणाले. त्यांना संशय आला होता, पण भलताच.

गोरक्षनं चाक काढलं, जमिनीवर आडवं टाकलं आणि उलटं केलं. त्यानं शामकांतरावांचं बोट धरलं आणि चिरेत घातलं. बोट अर्धं आत गेलं आणि आतल्या तारांना लागलं.

"आमच्या फडावर उसाच्या ट्रॉलीचा आसाच टायर फुटला हुता साहेब. वर बसलेल्यात माजी चुलती हुती. म्या लई सांगितलं तुमास्नी. तुमी ग्रह बगत बसले."

शामकांतरावांचा चेहरा पांढरा पडला. बोट बाहेर काढायचं त्यांना सुचेना. "वाटेत फुटला असता तर," ते म्हणाले, आणि फाटकाशीच खाली बसले. देवश्रीनं येऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्यांनी माझ्यावरून हात फिरवला, पहिल्यांदाच, लाथ न मारता.

"म्हणजे हा गेला?"

"गेला."

त्यांनी घड्याळ बघितलं आणि डायरीत लिहिलं, दहा एकावन्न. ऐंशी वर्षं लिहिलेलं पान त्यांनी फाडून टाकलं.

दुपारी साडेबाराला, मुहूर्त-बिहूर्त काही नसताना, चार नवे टायर घालून देवश्री गेली. माप स्टिकरवरचं, तारीख ताजी, कंपनी ओळखीची. मी गोरक्षबरोबर नागापूरला आलो आणि खांबावर चढलो. सगळे खूश. पण मी नाही. तांदळाचं पोतं आणि पुस्तकं डिकीत होती, ती कुणी उतरवली नव्हती. गालिचा कुणी उचलला नव्हता. आणि गालिच्याखाली माझा भाऊ होता, तीन तीन एक सात, स्वतःला नवाकोरा समजणारा. रबर पडून राहिलं तरी म्हातारं होतंच. शनिवारी गाडी समोरून गेली तेव्हा मी जिवाच्या आकांतानं ओरडलो. पण टायर ओरडला तर ऐकू कुणाला जातंय!

दहाव्या दिवशी, बुधवारी, शामकांतराव रिक्षातून उतरले. हातात स्टीलचा डबा. डब्यात दहीभात.

"ह्यानं माझ्या मुलीसाठी जीव सोडला, गोरक्ष. दहावा तरी व्हायला हवा." त्यांनी माझ्या खाली पान मांडलं, भाताचा गोळा ठेवला आणि चार पावलं मागे सरकले. कारखान्यांची पाळी सुटली होती. बघता बघता पंधरा-वीस कामगार जमले. कुणी हसलं नाही, म्हणजे आधी हसले, पण कावळा आल्यावर गप्प झाले. कावळा माझ्यावरच येऊन बसला. आणि शिवेना.

"काहीतरी इच्छा राहिलीय," एक कामगार हळूच म्हणाला.

शामकांतरावांनी हात जोडले. "दर पंधरा दिवसांनी हवा तपासीन." कावळा हलला नाही. "कुठल्याच टायरला लाथ मारणार नाही." कावळ्यानं मान वळवली. "पुन्हा कुणाची पत्रिका काढणार नाही, टायरची काय, माणसाचीसुद्धा!" एवढा मोठा त्याग, पण कावळा जागचा हलेना. शामकांतराव रडकुंडीला आले. "अरे बाबा, मग हवंय तरी काय तुला?"

मला उभ्या आयुष्यात कुणी हा प्रश्न विचारला नव्हता. मी वर कावळ्याला म्हटलं, बस लेका असाच, उठलास तर बघ.

गोरक्ष बोटं मोजत होता. "साहेब, गाडीला टायर किती?"

"चार."

"पाच, साहेब."

शामकांतरावांनी लगेच फोन लावला, स्पीकर चालू केला. "देवश्री, डिकी उघड. गालिचा उचल. स्टेपनीवरचे चार आकडे वाच."

"बाबा, आता कसली पत्रिका?"

"वाच गं बाळा."

रस्त्यावरून ट्रक जात होते, तरी तिचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "तीन, तीन, एक, सात."

"तो लावायचा नाही. काही झालं तरी लावायचा नाही. मी उद्या नवा घेऊन येतो."

त्यांचं वाक्य संपायच्या आत कावळा खाली उतरला आणि दहीभातावर तुटून पडला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. शामकांतराव भर रस्त्यात, माझ्याकडे बघत, ढसाढसा रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एसटीनं राजूरला गेले, नवा टायर मांडीवर घेऊन. माझा भाऊ आता माझ्याच खाली उभा असतो. रस्ता कसा असतो, एवढंच विचारतो बिचारा. मी सांगतो त्याला, थोडं वाढवून.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज खाली जा, वाका, आमच्या अंगावरचे आकडे वाचा आणि आतल्या बाजूनंही बोट फिरवा. डिकीतल्यालाही विसरू नका. आमचं वय झालं असेल तर माया न करता काढून टाका, आम्ही रुसत नाही.

शनिवारी दुपारी ती पांढरी गाडी इथून जाते. देवश्री दोनदा हॉर्न वाजवते. मी मोजतो. फिरणारे चार, झोपलेला एक. पाच. ये पोरी, घरी सगळे वाट बघतायत.