वजन मोठ्यानं सांगायची रीत

स्कॅनच्या खोलीबाहेर वजनकाटा होता, आणि पेशंटचं वजन दारातून आत ओरडून सांगायची रीत होती. आतला माणूस लिहून घ्यायचा. दादाची धाकटी बहीण वीस वर्षं तिथं वजन घ्यायच्या कामाला होती. याची कुणाला लाज वाटत असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी दादा आला. तिचा सख्खा थोरला भाऊ, शिंपी, दिवसभर मशीनवर बसून बसून सुटलेला. जिना चढताना धाप लागायची, म्हणून तिनंच हात धुऊन मागे लागून त्याला आणलं होतं. तो काट्यावर चढला आणि धाकट्या बाईसाहेबांना चेष्टेची हुक्की आली.

"एकशे अठरा! टेबल धरून ठेवा रे, आमचा दादा येतोय!"

बाकावरची माणसं खो खो हसली. दादाही हसला. "आलोच पाणी पिऊन," म्हणाला, आणि जो गेला तो गेलाच.

वर हिलाच राग! "एवढ्या तेवढ्यावरून रुसतोस?" असं फोनवर सुनावलं. त्यानं विषय बदलला. नंतर 'चल रे दादा, स्कॅन करून घेऊ' म्हणायला हिची जीभ काही झिजली नसती. पण म्हणाली नाही.

मागच्या आठवड्यात तो दुकानातच छाती धरून कोसळला. वाचला. डॉक्टर म्हणाले, "धमन्यांत कॅल्शियम साचून त्या पार कडक झाल्यात. तेव्हाच दिसलं असतं, तर औषधं सुरू केली असती. आता बायपास. पण नवी नळी जोडायचा टाका घालायला मऊ जागा तरी उरलीय का, ते स्कॅनमध्ये बघू."

आज दादा पुन्हा काट्यावर उभा राहिला. त्यानं आधी बाकाकडे पाहिलं. धाकटी ओरडली नाही. आत जाऊन तिनं आकडा स्वतः लिहिला.

मग स्कॅनचा पडदा. दोन धमन्या सुरुवातीपासून शेवटपर्यंत कॅल्शियमनं पांढऱ्याफटक. तिसरीत बोटभर मऊ जागा, तीही धड नाही. डॉक्टरांनी चित्र पुन्हा मागे नेऊन पाहिलं. मग म्हणाले, "प्रयत्न करू."

ती बाहेर आली तेव्हा दादा शर्टाची बटणं लावत होता.

"किती भरलं गं?"

"एकशे तीन," ती हळूच म्हणाली.

"बघ! रोज चालत होतो. शंभरापर्यंत आलो की येणारच होतो तुझ्याकडे. मग तू खुशाल ओरडली असतीस." तो ओशाळून हसला. "तीनच राहिले होते."