अभिप्रायाला लावलेली तीट

‘विद्येपुढे सगळे समान’, असं परदेशातल्या त्या इंग्रजीच्या शाळेच्या पुढच्या दारावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं. बाई मागच्या दाराने येत. पुढे पालक बसत, आणि इंग्रजीचा चेहरा सावळा दिसला की ते फी परत मागतात, असा संचालकांचा अनुभव होता.

बाईंचा अनुभव शिकवण्याचा, एकोणीस वर्षांचा. फलकावरचा फोटो मात्र एका भुऱ्या केसांच्या तरुणाचा. गेल्या वर्षापर्यंत तो पोहण्याच्या तलावावर बुडणाऱ्यांना बाहेर काढायचा. इंग्रजी आईच्या पोटातूनच आलेली, त्यामुळे शिकायची वेळच आली नव्हती. शाळेत त्याला ‘जन्मजात’ म्हणत. पगार बाईंच्या दुप्पट.

बाईंचा करार शुक्रवारी संपत होता. करार नाही तर व्हिसा नाही, आणि त्याच व्हिसाच्या शेपटाला नवरा आणि दहावीतली लेक लटकलेली. नियम असा, की नव्या करारासाठी बाईंचं इंग्रजी बरं असल्याचं जन्मजाताने पानभर लिहून द्यायचं.

गुरुवारी तो कोरा कागद घेऊन झेरॉक्सच्या खोलीत आला. बाईंचं टेबल तिथेच होतं.

“मॅडम, पानभर मी जन्मात लिहिलं नाही. तुम्हीच लिहा, सही मी ठोकतो.”

बाईंनी घरी बसून लिहिलं. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, “अगं, दृष्ट लागेल. एखादी तीट लाव.” बाईंनाही स्वतःची नुसतीच आरती ओवाळणं बरं वाटेना. त्यांनी शेवटी एक ओळ जोडली: लेखनात सुधारणेला थोडा वाव आहे.

शुक्रवारी संचालकांनी ते पान दोनदा वाचलं आणि चष्मा काढला.

“याला म्हणतात इंग्रजी. शिकून येत नाही हे, बाई. रक्तात लागतं.”

मग त्यांचं बोट तिटेवर थांबलं. लेखन कच्चं म्हटल्यावर वर्षाचा करार कसा द्यायचा? सहा महिने मिळतील, तेही मदतनीस म्हणून. आणि दर मंगळवारी जन्मजाताकडे लेखनाची शिकवणी.

पान माझंच आहे म्हणावं, तर फसवणूक. तिघांनी सामान बांधायचं. गप्प बसावं, तर लेखन कच्चं. बाईंनी सही केली. अक्षर सुरेख आलं.

मंगळवारी जन्मजात वेळेवर हजर झाला. दार लोटून घेतलं, खुर्ची ओढली आणि खाली मान घालून कोरा कागद पुढे सरकवला.

“मॅडम, आज मी तुम्हाला काय शिकवायचं, तेवढं लिहून देता?”