नाव नसलेले टोक

मी एक जुना यंत्रराज आहे. नाव ऐकून दबकू नका, मित्रांनो. मी राजाबिजा कुणी नाही. जेवणाच्या ताटलीएवढी पितळेची जड चकती, वर अंगठ्यात अडकवायला कडी आणि पाठीवर फिरणारी पट्टी, एवढाच माझा थाट. पट्टीच्या भोकांतून तारा बघायचा आणि तो किती उंच आहे ते माझ्या कडेवर वाचायचे. मग पुढच्या बाजूची जाळी फिरवायची. जाळीला बारीक वळणदार टोके आहेत आणि एकेक टोक म्हणजे एकेक तारा. एक तारा जागेवर बसवला की बाकीचे आपोआप बसतात, आणि किती वाजले तेही कळते. घड्याळे घरोघरी नव्हती तेव्हा मला फार भाव होता.

प्रत्येक टोकावर त्याच्या ताऱ्याचे नाव कोरलेले आहे. एकाच टोकावर नाही. आज सांगायचे आहे ते त्या टोकाबद्दल.

मला घडवणारा कारागीर मशिदीत नमाजाच्या वेळा ठरवणाऱ्यासाठी यंत्रे करायचा. हाताचा सच्चा, पण भारी हट्टी. रेघ केसभर चुकली तर अख्खा पत्रा वितळवून टाकायचा. माझी जाळी पुरी होत आली तेव्हा त्याची बायको तापाने अंथरुणाला खिळली होती. एका संध्याकाळी मला पारखायला तो गच्चीवर आला. आकाशात जिथे कधीच काही नसायचे तिथे त्याला एक तारा दिसला. मंद, पिवळट, अजिबात न लुकलुकणारा. त्याने उंची घेतली. खात्री करायला पुन्हा घेतली. खालून बायकोने हाक मारली. तो "आलोच" म्हणाला आणि त्याने पट्टी परत फिरवली.

तो खाली गेला तेव्हा हाक मारणारी उरली नव्हती. दुसऱ्या संध्याकाळी तारासुद्धा नव्हता. घेतलेल्या मापावर त्याने जाळीत एक टोक बसवले, पण त्यावर नाव कोरायला त्याचा हात काही उचलला नाही.

मग माझी उमेदीची वर्षे आली. वेळ बघणाऱ्या एका भल्या माणसाने मला डोळ्यांत तेल घालून जपले. लोक माझ्यावर भरवसा ठेवून उठत आणि नमाजाला उभे राहत. पुढे घड्याळे आली आणि मी अडगळीत पडलो. धूळ खाल्ली, कुणीतरी पाठीवर चहाचा पेलासुद्धा ठेवला, तो गोल डाग अजून आहे. शेवटी जुन्या वस्तूंच्या एका दुकानातून विद्यापीठाने मला विकत आणले.

इथे मी दोन वर्गांत कामाला लागलो. सर 'इस्लामी संस्कृतीची ओळख' शिकवत आणि बाई 'खगोलशास्त्राची ओळख'. दोघे नवराबायको, वर्ग समोरासमोर आणि यंत्र मात्र एकच. तास संपला की बाई मला कापडी पिशवीत घालून व्हरांड्यापलीकडे न्यायच्या आणि सर परत द्यायला नेहमी उशीर करायचे. सर मुलांना सांगत की समोरच्या वर्गात तुम्ही ताऱ्यांची जी नावे घोकता त्यातली कितीतरी अरबीतून आली आहेत. आपल्या रोहिणीचे अल्देबरान हे नाव अरबीतलेच, म्हणजे मागून येणारा. कृत्तिकांच्या मागून चालतो म्हणून. बाई दारातून म्हणायच्या, मागून येणाऱ्याचं पुरे, माझं यंत्र पुढे येऊ दे.

नाव नसलेले टोक हा बाईंच्या वर्गाचा ठरलेला प्रयोग होता. ओळखीच्या ताऱ्यावरून जाळी लावायची, ते टोक कुठे येते ते वाचायचे आणि गच्चीवरून नेमके तिथे बघायचे. इतक्या शतकांत तारे बोटभर सरकले आहेत, त्याचाही हिशोब धरायचा. बरोबर उत्तर एकच होते, रिकामी जागा. कारागिराची चूक, असे बाई म्हणत. सर म्हणत की माणूस उगाच पितळ वाया घालवत नाही.

मधूनच कुणाला तरी तिथे तारा दिसे. तसे होण्याआधी त्याच्या अंगठ्यातली माझी कडी बर्फासारखी गार पडे. मला लगेच कळे, पण मला कंठ नाही, मित्रांनो. बाई उत्तरावर लाल फुली मारत आणि त्यांचा नियम सांगत: एकदाच दिसलं ते दिसलंच नाही, थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. मुलगा थांबे, मोजत राही. आणि मी त्याच्या हातात लटकून त्या पिवळट ठिपक्याकडे बघत राही.

एकदा जाड चष्म्याची एक हुशार मुलगी अशीच थांबली. त्यानंतर बरेच दिवस वर्गात आली नाही. आली ती सरळ बाईंच्या टेबलाशी.

"मॅडम, त्या संध्याकाळी घरून फोन येत होते. मी वर माप घेत होते. बाबा गेले."

योगायोग असतो गं, असे काहीतरी बाई पुटपुटल्या.

"असेल," मुलगी म्हणाली. "पण तारा होता."

बाईंनी हे सरांना सांगितले तेव्हा सरांनी एवढेच विचारले, की आधी ज्यांना दिसला त्यांना कधी काही विचारलंस का. बाईंनी कुणालाच विचारले नव्हते. फुली मारणे त्यांनी बंद केले. नियम मात्र राहिला, कारण नियम सोडला तर शास्त्र कसले.

पुढे सरांच्या हृदयाचे दुखणे बळावले. इस्पितळातून त्यांना घरी आणले, घर विद्यापीठाच्या मागच्याच गल्लीत. त्यांच्याजवळ नणंदेला बसवून बाई प्रयोगाची तयारी करायला गच्चीवर आल्या. मला अंगठ्यात अडकवले. माझी कडी गार पडली.

बाईंनी पट्टीतून पाहिले. तो तारा तिथेच होता. त्यांनी डोळे पुसले. सवयीने बोटे पट्टीकडे गेली. "पुन्हा मोजायचं," त्या स्वतःशीच म्हणाल्या. माझा जीव टांगणीला लागला. त्या कारागिराची बोटे मला आठवली, अगदी अशीच होती.

मग त्यांनी मला कठड्यावर टाकले आणि त्या धावत सुटल्या. चपला तिथेच राहिल्या. मी उताणा पडून बघत होतो. बऱ्याच वेळाने तो तारा गेला. मावळला नाही, सरकला नाही, कुणी दिवा मालवावा तसा गेला.

काही दिवसांनी बाई मला घ्यायला आल्या. दवाने माझ्या पितळेवर हिरवट चट्टा उमटला होता. त्यांनी तो पुसला नाही.

"जागे होते," त्या मला म्हणाल्या. खरेच, मलाच म्हणाल्या. "मला बघून विचारलं, माप घेतलंस का? मी म्हटलं, नाही. म्हणाले, बरं केलंस. मग हात धरून बसलो."

आता दोन्ही वर्ग बाईच घेतात. पहिल्याच तासाला सांगतात की त्या टोकाशी कुणाला काही दिसले तर यंत्र असेल तिथे टाकून निघायचे. हजेरी मी लावीन, म्हणतात.

मित्रांनो, माझ्यासारखी जुनी वस्तू शेवटी हेच मागते, की आम्हाला जपा, धूळ पुसा. मीही मागितले असते. पण आत्ता गच्चीवर तुमच्यातल्या कुणीतरी मला डोळ्यांसमोर धरले आहे आणि माझी कडी गार पडते आहे. बाळा, मला जपू नकोस. पडलो तर फार तर पोचा येईल. तू घरी जा.