बाहेरून तिसरा, आतून दुसरा

आबांचं कॅमेरादुरुस्तीचं दुकान म्हणजे त्यांच्याच घराची पहिल्या मजल्यावरची पुढची खोली. लाकडी जिना चढून आलं की समोर काचेचं कपाट, त्यात जुने कॅमेरे दाटीवाटीनं बसलेले. खिडकीशी टेबल, टेबलावर वाकलेला दिवा आणि दिव्याखाली तसेच वाकलेले आबा. मागच्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा होता. पडद्याआड त्यांच्या धाकट्या भावाची बायको दिवसभर शिवणयंत्र चालवायची.

दोन वर्षांपूर्वी धाकटा गळ्यात कॅमेरा अडकवून घराबाहेर पडला होता. टेकडी फोडून नदीत चोरून भराव टाकणाऱ्यांचे त्याला फोटो काढायचे होते. तो गेला तो गेलाच. पोलीस झाले, नदीकाठ पालथा घालून झाला. ना माणूस सापडला, ना कॅमेरा. त्याची बायको मात्र अजून त्याच्या चपला पुसून दाराशी जोडीनं लावून ठेवायची. तिला कुणी काही बोलत नसे.

त्या दुपारी आबांची नात टेबलाशी बसली होती. एका जागी ठरत नाही म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. पण हातात कॅमेरा दिला की ही भिंगरी गपगार व्हायची.

"आबा, मला खिडकीचा गज दोन-दोन दिसतोय. माझे डोळे बिघडले का?"

"डोळे ठणठणीत आहेत. धीर तेवढा कमी आहे. ह्या कॅमेऱ्याला पुढून दोन खिडक्या आहेत, बघ. दोन्हींतलं चित्र आत एकावर एक पडतं, पण जरा सरकून. आता भिंगाची कडी फिरव. हळू. दोन्ही गज एक झाले की समजायचं, अंतर बरोबर जुळलं."

"म्हणजे भांडलेल्या दोघांची गट्टी करायची!"

"तसंच समज. फक्त तुझ्या मैत्रिणींसारखी दर तासाला नाही."

भिंगरी फिस्सकन हसली, आणि तेवढ्यात जिना वाजला.

आलेला माणूस चारचौघांसारखाच होता. इस्त्रीचा सदरा, मऊ आवाज, बोटांना स्वच्छ कापलेली नखं. त्यानं पिशवीतून कॅमेरा काढला, कळ एकदा दाबून बघितली आणि टेबलावर ठेवला. पडद्यामागं शिवणयंत्र धडधडत होतं, त्यात तो आवाज बुडून गेला.

"ह्याचं मॉडेल तेवढं ओळखून हवंय," तो म्हणाला. "दुरुस्ती नको."

आबांनी कॅमेरा हातात घेतला. जिथं अंगठा जायला हवा तिथं तो आपसूक गेला. भिंगरी मान लांब करून बघत होती. "मी सांगू, आबा? मी सांगू? डोक्यावर प्रकाशमापकाची खिडकी आहे, गोल बटण मोठं आहे. तिसरं मॉडेल!"

शिकवायची सवय माणसाच्या हाडात मुरते. पोरानं अर्धवट उत्तर दिलं की जीभ पुढं धावते, डोकं मागून येतं. आबांचं तसंच झालं.

"बाहेरून तिसरं, पण आतून दुसरं," ते कौतुकानं म्हणाले. "दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं. हा सांगाडा तिसऱ्याचा, पण आतलं यंत्र..."

आणि त्यांचे शब्द तिथंच थिजले.

हे आपल्याला कसं ठाऊक? त्यांनी कॅमेरा उलटा केला. तळाशी तीन स्क्रू पोलादी, चौथा पितळी. तो त्यांनीच बसवला होता. धाकट्याचा कॅमेरा एकदा पाण्यात पडला, आतलं यंत्र गंजून गेलं. तेव्हा आबांनी दुसऱ्या मॉडेलचं यंत्र कोपऱ्यांना कानस मारून ह्या सांगाड्यात बसवलं होतं. असा कॅमेरा कारखान्यानं कधी काढलाच नाही. जगात हा एकच होता.

"आतलं?" पाहुण्यानं मऊपणे विचारलं. "तुम्ही अजून उघडलाच नाहीत."

आबांनी कॅमेरा हळूच टेबलावर ठेवला.

"बरीच दुकानं फिरलो," पाहुणा म्हणाला. त्यानं स्टूल ओढून घेतलं, अगदी भिंगरीच्या शेजारी. "सगळे म्हणाले, तिसरं. एकानं उघडून बघितला. म्हणाला, ही जोडणी कुणीतरी हातानं केली आहे. तेव्हापासून वाटतंय, तो करणारा भेटायला हवा. ज्याच्यासाठी केलं, त्याला तो ओळखत असणार. नाही का?"

म्हणजे ह्याला मॉडेल नकोच होतं. कॅमेरा न उघडता मॉडेल सांगणारा माणूस हवा होता: धाकट्याला ओळखणारा, उद्या पोलिसांत साक्ष देऊ शकेल असा.

"कॅमेरा कुणाचा?" आबांनी जमेल तितक्या सहज विचारलं.

"आता माझाच."

त्या 'आता'चा अर्थ आबांना कळला. हाताशी नात, पडद्यामागं भावजय, आणि मध्ये हा. ओळख दाखवली तर आपलं तिघांचं काय होईल, सांगता येत नव्हतं.

"उघडायला कशाला हवा?" आबा म्हणाले. "तुम्ही मघाशी कळ दाबलीत ना? तिसऱ्याच्या शटरचा पडदा धातूचा, तो खणकतो. दुसऱ्याचा कापडी, तो हुंकारतो. ह्या धंद्यात केस गेले, कान नाही गेले."

"आवाजावरून? ह्या शिवणयंत्राच्या धडधडीत?" पाहुणा हसला. डोळे हसले नाहीत. मग तो भिंगरीकडे वळला. "तुलाही शिकवलं असेल आजोबांनी. ये बाळ, भिंतीकडे तोंड कर. मी वाजवतो, तू ओळख."

"अहो, लहान आहे ती."

"लहान कसली!" भिंगरी फणकारली. घरातले दिवे गेले की आजोबा-नात हाच खेळ खेळायची. ती टुणकन उठून भिंतीशी उभी राहिली. पाहुण्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

मोकळ्या हातानं त्यानं कपाटातला एक कॅमेरा वाजवला.

"खणकला. तिसरं मॉडेल."

दुसरा वाजला, अगदी बारीक.

"हा पाकळ्यांच्या शटरचा. हा तर अंधारात पण कळतो!"

मग पाहुण्यानं टेबलावरचा तो कॅमेरा उचलला. आणि नेमकं त्याच वेळी आतलं शिवणयंत्र थांबलं. दोरा तुटला असेल, कापड संपलं असेल. थांबलं एवढं खरं. खोलीत एकदम शांत झालं आणि त्या शांततेत कळ दाबली गेली. कापडी पडदा हुंकारला, शेवटी जरासा अडखळला.

"कापडी!" भिंगरी गर्रकन वळली. "पण हा तर तुमचाच! लबाडी करता होय, काका?"

पाहुणा ह्या वेळी खरोखर हसला. खांद्यावरचा हात निघाला, कॅमेरा परत टेबलावर आला. "हुशार आहे पोरगी," तो म्हणाला. "जुन्या माणसांचे कान म्हणजे कानच. उगाच शंका घेतली."

आबांचे डोळे मात्र मागच्या खोलीच्या पडद्यावरच होते. शिवणयंत्र पुन्हा सुरू झालं नव्हतं.

"ठेवून जाता का?" त्यांच्या तोंडून निघून गेलं. "शेवटी अडखळतोय. तेल घालून देतो."

"नको. मॉडेल कळलं, काम झालं." त्यानं हात पुढं केला.

तो कॅमेरा आबांनी त्याच्या हातात ठेवला. भावाची एवढीच एक खूण परत आली होती, आणि ती त्यांनी आपल्या हातानं देऊन टाकली. वर "सांभाळून वापरा" असंही म्हणाले. पाहुणा दाराबाहेर पडला. जिना वाजू लागला: एक पायरी, मग दुसरी, सावकाश.

"आबा, तुम्ही रडताय?" भिंगरीनं विचारलं.

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खाली जाऊ दे. रस्त्याला लागू दे. मग पोलीस, मग काय ते.

तेवढ्यात पडदा सर्रकन बाजूला झाला. भावजय पडद्याशी उभी होती. केसांना दोऱ्याचे तुकडे चिकटलेले, चेहरा मात्र दोन वर्षांत दिसला नव्हता असा उजळलेला.

"भाऊजी, हे आले ना?" ती मोठ्यानं म्हणाली. हसत होती, रडत होती. "मी आतून ओळखलं! ह्यांच्याच कॅमेऱ्याचा आवाज तो. शेवटी अडखळतो, तोच! कुठं आहेत हे?"

जिन्यावरची पावलं थांबली.

आबा उठले. भिंगरीचा हात भावजयीच्या हातात दिला. "हिला घेऊन मागच्या जिन्यानं शेजारी जा," ते हलक्या आवाजात म्हणाले. "मागं वळून बघू नका."

"पण हे..."

"तो नाही आला गं. नुसता कॅमेरा आला होता."

तिच्या चेहऱ्यावरचं सगळं हळूहळू मावळलं. तिनं भिंगरीला उचलून छातीशी धरलं आणि पडद्याआड दिसेनाशी झाली.

जिना पुन्हा वाजू लागला. पावलं वर येत होती, तितकीच सावकाश. आबांचा हात कडीकडे गेला, पण त्यांनी कडी लावली नाही. त्यांनी दार सताड उघडलं आणि उंबऱ्यात उभे राहिले.

"माझा भाऊ कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

पाहुणा जिन्याच्या वळणावर थबकला. वर बघून त्यानं पिशवी काळजीपूर्वक पायरीवर ठेवली आणि हात मोकळे केले.