ताटलीची सावली

ही गोष्ट २०१७ सालची. बाजारातल्या एका टेलरच्या घरात तेव्हा पृथ्वीवरून भांडण पेटलं होतं!

टेलर मशीनवर बसल्या बसल्या दिवसभर मोबाइलवरचे व्हिडिओ ऐकायचा. ऐकता ऐकता त्याचं ठाम मत झालं, की पृथ्वी सपाट आहे. गिऱ्हाइकं त्याला ‘सपाटशेठ’ म्हणू लागली. जितकी थट्टा व्हायची, तितका तो हटून बसायचा.

त्याची मुलगी सातवीत, प्रश्न विचारून भंडावून सोडणारी. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात तिला पृथ्वीच्या आकाराविषयी बोलायचं होतं.

“बाबा, सपाट असेल तर कड कुठाय? अजून कुणी खाली कसं पडलं नाही?”

“तोंड वर करून बोलू नकोस! प्रदर्शनाला जायचं नाही, सांगून ठेवतो!”

टेलरची आई दारातून हे ऐकत होती. एकीकडे पोटचा मुलगा, दुसरीकडे नात. तिचं कोण ऐकणार? शेवटी तिने शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाईंना बोलावलं.

“चंद्रग्रहणात चंद्रावर पृथ्वीची सावली पडते,” बाई म्हणाल्या. “ती गोल असते.”

“ताटलीचीपण सावली गोलच पडते, बाई!” टेलर हसला.

बाईंनी दिव्यासमोर ताटली धरून हळूहळू फिरवली. भिंतीवरची सावली लांबट झाली, मग नुसती रेघ उरली. “पृथ्वीची सावली मात्र प्रत्येक ग्रहणात गोलच. कसंही फिरवलं तरी गोल सावली फक्त चेंडूचीच पडते.”

“कुणी पाहिलंय?”

आता आईला राहवेना. “अरे, गिऱ्हाइकाने घरून आणलेल्या मापावर तुझा विश्वास नसतो. स्वतः टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री लावत नाहीस. मग त्या मोबाइलवाल्याचं माप तेवढं डोळे झाकून कसं घेतलंस?”

टेलरने तरीही हट्ट सोडला नाही. त्याच आठवड्यात प्रदर्शन झालं. मुलगी घरीच बसली, आणि आजीला तिच्या पाठीवर हात ठेवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

आईचा बोल मात्र टेलरला लागला होता. पुढची काही वर्षं तो दिसेल ते चंद्रग्रहण गच्चीवर जाऊन पाहत राहिला. कधी चंद्र उगवताना, कधी डोक्यावर असताना. सावलीची कड दर वेळी गोल! एकदा तो धावतच खाली आला.

“आई, चुकलो गं मी!” मग मुलीकडे वळला. “चल वर. विचार तुला काय विचारायचं ते!”

“काही नाही, बाबा,” ती पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

वाचकहो, चूक कुणाचीही होते आणि ती सुधारताही येते. पण आपल्या हट्टापायी मुलांचे प्रश्न दाबू नका. दाबलेला प्रश्न हाक मारली म्हणून परत येत नाही.

मास्तरीणबाई पुढे लेकाकडे राहायला गेल्या. टेलर आता कुणी काही ऐकवलं, की आधी “तपासलंत का?” म्हणतो. मुलगी कॉलेजात आहे. मार्क उत्तम, पण वर्गात हात कधी वर करत नाही. आजी जेवताना तिच्यासमोर मुद्दाम काहीतरी चुकीचं बोलते, आणि ती टोकेल म्हणून वाट पाहत राहते.