दहाची दोन

डॉक्टरसाहेब, माझी आठ वर्षं तुम्ही चोरलीत. स्पष्ट सांगतो.

मी दत्तू. चार वर्षांपूर्वी न्हावा शेवा बंदरात कंटेनर अंगावर आला, कमरेखालचं सगळं गेलं. सानपाड्यात तळमजल्यावर बसून लोकांचे पंखे, मिक्सर दुरुस्त करायचो. आता किडन्या गेल्या. तुमच्या वॉर्डात डायलिसिसच्या मशीनवर एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी पेशंट दोन.

त्या जागेचा निकाल लागायच्या आधी तुमचे विद्यार्थी कागद घेऊन आले. रमीज नावाचा पोरगा म्हणाला, "काका, आहात तसेच दहा वर्षं जगाल, की धडधाकट होऊन त्याहून कमी? किती वर्षं कमी चालतील?"

"एक पन कमी नाय. दहाच्या दहा लिही."

"नीट विचार करा काका. चालता येत नाही, लघवी पिशवीत..."

"पिशवी माझी हाय. तुला का त्रास?"

माझी बायको सुंदरा खो खो हसली. रमीजने कागदावर लिहिलं, 'प्रश्न समजला नाही.'

जागा दुसऱ्याला गेली. कारण मला संघप्रियाकडून कळलं. ती आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधली, तुमचीच विद्यार्थिनी. तिच्या घरात माणसं फार, म्हणून बारावीचा अभ्यास तिने आमच्या खोलीत केला. खाटेपाशी उभी राहून म्हणाली, "काका, सर म्हणतात, पेशंटला सवय होते, त्याचं उत्तर धरायचं नाही. तोच प्रश्न आमच्या वर्गाला घातला. असं जगण्यापेक्षा धडधाकट दोन वर्षं बस झाली, अशी सरासरी आली. मग तुमची दहा वर्षं दोनच धरली. दुसऱ्या पेशंटची जास्त भरली, म्हणून जागा त्याला."

"तू किती लिहिलंस?"

"काका, जाऊ दे ना."

"बोल."

"एक."

सुंदराने तिच्यासाठी कपात काढलेला चहा परत थर्मासात ओतला.

संघप्रिया म्हणाली, "तेव्हा तुमी डोळ्यांसमोर नव्हता हो! कागदावर नुसतं लिहिलेलं, कमरेखाली लुळा..."

साहेब, ही पोरं दोन-दोन पायऱ्या एका दमात चढतात. कागदावर माझं लुळेपण वाचून ती टरकली. तुम्ही त्यांची भीती मोजलीत आणि माझ्या नावावर लावलीत. चार वर्षं हे अंग मी वापरतोय. मला विचारलंत, मी सांगितलं, ते तुम्ही खोडलंत.

सूज छातीपर्यंत आलीय. मी बोलतोय, सुंदरा लिहितेय. उत्तर म्हणून शिपायाकडून निरोप नको, चिठ्ठी नको. या खाटेपाशी या आणि सांगा, माझ्या जगण्यातलं माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त काय कळतं? आज सांगा.