अयपेरीच्या पायातली दोरी

बुरुल रोज सकाळी कालव्याच्या कडेने धावायची. रस्ता सपाट, जाऊन येऊन चार किलोमीटर, आणि वाटेतल्या गाईंनाही आता तिची सवय झालेली. "मागे लांडगा नाही, पुढे लग्न नाही, मग ही बाई धावते कशाला?" असं तिची सासू साबिरा आपा गावभर विचारायची. उत्तर मिळालं नाही म्हणून तिचं काही अडत नव्हतं.

या शरदात मात्र धावायला कारण मिळालं. धाकटी अयपेरी तेरा महिन्यांची झाली, भिंत सोडून चार पावलं टाकू लागली. आता तिची तुशू कापायची होती. तुशू म्हणजे काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी. ती पोरीच्या दोन्ही पायांना बांधायची, पाहुण्यांनी लांबून धावत यायचं, आणि जो पहिला पोचेल त्याने ती सुरीने कापायची आणि बक्षिसाचा अंगरखा न्यायचा. मूल त्याच्यासारखं निघतं म्हणतात. एरवी या गोष्टीला हसणारेही स्वतःच्या लेकराची वेळ आली की गपचूप मानतात.

बुरुल तर मानणारच. थोरल्या बेकतुरची दोरी नवऱ्याच्या चुलत भावाने, मकसातने कापली होती. मकसात घोड्यावर बसूनही डुलक्या काढायचा. पण बक्षिसाचा अंगरखा दिसला, की त्याच्या पायांत वारं भरायचं. आज बेकतुर नऊ वर्षांचा होता आणि सकाळी त्याला उठवायला घरातली तीन माणसं लागत. पोरीच्या नशिबी तरी हे नको, असं बुरुलने मनाशी ठरवलं. या खेपेला दोरी तीच कापणार होती.

"दूध तुझं, रक्त तुझं, आता चालही तुझीच हवी?" आपा म्हणाली. "दुसऱ्यांना काही राहू दे की."

"आईने धावू नये असं कुठे आहे, आपा?"

"कुठे नाही. सासूने गप्प बसावं असंही कुठे नाही."

नवरा एसेन या दोघींच्या मध्ये पडत नसे. त्याने फक्त एवढंच सांगितलं, की खालच्या कुरणात यंदा गवताच्या गंजी रचल्या आहेत, तेव्हा शर्यत घरामागच्या चढावर होईल. मेंढवाड्यापासून वरच्या टेपाडापर्यंत.

दुसऱ्या दिवशी बुरुलने तो चढ धावून पाहिला. निम्म्यावरच तिच्या तोंडाला फेस आला आणि पोटऱ्यांत गोळे. सपाटीवरच्या वाघिणीची चढावर शेळी झाली होती. त्यात पहाटे एसेन कळपामागे जायचा, आपा धारा काढायला, म्हणजे आता चालू लागलेल्या पोरीला ठेवायचं कुणापाशी? शेवटी तिने अयपेरीला शालीने पाठीशी बांधलं आणि चढ चढू लागली. पहिला आठवडा नुसती चालली. मग थोडं धावणं, थोडं चालणं. पावलं आखूड टाकायची आणि वर बघायचं नाही, हे तिचं तिलाच कळत गेलं. पोरगी मागून केस ओढायची, बरगड्यांवर टाचा मारायची आणि बाप घोड्याला म्हणतो तसं "चू, चू" म्हणायची. बुरुलला हसू यायचं आणि हसलं की दम तुटायचा. एवढं लाडकं ओझं तिने आयुष्यात वाहिलं नव्हतं.

एका पहाटे आपा दुधाची बादली ठेवून तिच्या मागे आली आणि शालीची गाठ सोडून पुन्हा करकचून बांधली. "सैल बांधतेस. पोरगी लोंबकळते," एवढंच बोलून ती गाईकडे गेली.

शर्यतीच्या दिवशी मेंढवाड्यापाशी वीस-पंचवीस जण जमले. मकसात बाह्या सरसावत म्हणाला, "वहिनी, अंगरखा माझ्याच मापाचा शिवलाय ना?"

"तुझ्या मापाचं अंथरूण शिवायला हवं होतं," बुरुल म्हणाली.

वर टेपाडावर आपा अयपेरीला दंडाला धरून उभी होती. पोरीच्या पायांत दोरी, बाजूला अंथरलेल्या लोकरीच्या नमद्यावर सुरी. एसेनने टोपी हवेत फेकली आणि सगळे सुटले.

पाठीवर ओझं नव्हतं. बुरुलला वाटलं, आपण धावत नाही, कुणीतरी उचलून वर नेतंय. अर्ध्या चढावर माणसं मागे पडली, आणि पुढे गेल्यावर मकसातच्या धापाही दहा पावलं मागे ऐकू येऊ लागल्या. शर्यत तिचीच होती.

पण आरडाओरडा करत अंगावर येणारी एवढी माणसं पाहून अयपेरी घाबरली. आई दिसताच तिने पाऊल टाकलं, दोरीत अडकली, आपाच्या हातून निसटली आणि तोंडावर आपटली. बुरुल पोचली तेव्हा सुरी उजवीकडे होती आणि डावीकडे लेक हात पसरून रडत होती. बुरुलने लेकीला उचललं आणि रोजच्यासारखं पाठीवर घेतलं.

मागून मकसात आला, सुरी उचलली आणि समोरच लोंबणाऱ्या पायांमधली दोरी एका झटक्यात कापली. आयत्या बिळावर नागोबा. लोक पोट धरधरून हसले.

"पहिली मी होते, आपा," बुरुल म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"होतीस. अख्ख्या गावाने पाहिलं."

"मग सुरी का नाही उचलली मी?"

आपाने पोरीच्या कपाळावरची माती डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने पुसली. "दोरी कापणाऱ्यासारखं मूल होतं, हे मला माझ्या आजीने सांगितलं. रडणाऱ्या पोराला जी आधी उचलते तिच्यासारखं ते किती होतं, हे नाही सांगितलं. गरजच वाटली नसेल म्हातारीला."

दोरी सुटली की जिंकणाऱ्याने मुलाचा हात धरून त्याला चार पावलं चालवायचं असतं. मकसातने धापा टाकत हात पुढे केला. अयपेरीने मोकळे झालेले दोन्ही पाय आईच्या कमरेला आवळले आणि काही केल्या ती खाली उतरेना.